पायरी काढलेली गाडी

भात शिजला आणि कुकरचं बटण टक् करून वर उडालं, तेव्हा कुठे स्वयंपाकघरातली शांतता मोडली. तोवर रोविना नवऱ्याने समोर धरलेला मोबाइल बघत होती. फोटोत चिखल होता. चिखलात दारापर्यंत रुतलेली एक गाडी होती, आणि गाडीच्या टपावर नवऱ्याचा मित्र तामिन कमरेवर हात ठेवून उभा होता, जणू चिखलाचा शोध त्यानेच लावला होता.

"बघ ना, गाडी कशी दिसतेय," डोलिन म्हणाला.

रोविनाने फोटो बोटांनी मोठा केला, तामिनच्या विजारीपर्यंत.

"हे कपडे कोणी धुतले?" तिने विचारलं, आणि भात वाढायला घेतला.

डोलिन हसला. स्वतःवर केलेल्या विनोदाला तो नेहमी सगळ्यांच्या आधी हसायचा. लग्नाच्या वेळी रोविनाला तो त्याचा गुण वाटला होता. आता वाटायचं, या माणसाला टोचलेलं कळतच नसेल तर टोचण्यात हशील काय? तरी ती टोचायची सोडत नव्हती.

केनिंगाउच्या बाजारात डोलिन मोबाइल विकायचा, मोबाइलला कव्हरं घालून द्यायचा. दुकानापर्यंतच्या वाटेवर सगळ्यात मोठा चढ म्हणजे बँकेसमोरचा गतिरोधक. असा हा माणूस दर रविवारी तामिनच्या टोळीबरोबर नदीकाठी जायचा. या टोळीने स्वतःचं नाव 'डोंगरवाघ' ठेवलं होतं आणि ते गाड्यांच्या मागच्या काचेवर चिकटवलं होतं. डोंगरवाघ नदीकाठच्या गाळात मुद्दाम रुतायचे, मग एकमेकांना दोर लावून ओढून काढायचे, मग कोंबडीचे पंख भाजून खायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आपण कसे वाचलो ते बायकांना सांगायचे. वाचण्यासाठी आधी जाऊच नये, हे त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

पण डोलिनची स्वतःची गाडी घेतली होती ती यासाठी नव्हे. त्यांच्या लग्नापेक्षाही जुनी, सात जणांची, पोट सुटलेल्या सावकारासारखी दिसणारी ती एसयूव्ही डोलिनने घेतली ती रोविनाच्या आईला डोंगरावरून खाली आणायला. पहिली मुलगी नेल्सी झाली तेव्हा आईच्या गावचा, सिनूडूचा रस्ता पावसाने बंद होता आणि आई येऊ शकली नव्हती. रोविनाने बाळंतपणाचे दिवस भाड्याच्या खोलीत, पंख्याखाली, सासूने मोबाइलवरून मागवलेल्या नूडल्स खात काढले होते. पाल्याचं गरम पाणी नाही, शेक नाही, आल्याचा काढा नाही, आणि रडू आलं तर 'रड, रड' म्हणणारं कोणी नाही. आता आठवा महिना होता. या वेळी आई हवी होती. बाकी काही नको, पण आई हवी, असं तिने डोलिनला सांगितलं होतं, आणि त्याने एका अक्षराचाही वाद न घालता गाडी आणली होती. हे मात्र खरं होतं.

अडचण अशी की सिनूडूचा शेवटचा चढ लाल मातीचा. लाकडं नेणाऱ्या ट्रकांनी त्यात गुडघाभर चाकोऱ्या पाडलेल्या. मागच्या खेपेला गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं, चारी चाकं जागच्या जागी फिरली, आणि गावातल्या पोरांनी ढकलून ती उतारावर सोडून दिली. टायर तर असे झिजले होते की नेल्सी त्यांना टकलू म्हणायची. दुकानातून मिळालेला बोनस आणि शाळेच्या उपाहारगृहात नूडल्स परतून रोविनाने साठवलेले रिंगिट, दोन्ही मिळून एक काम नीट होण्याजोगं होतं. दोन कामं करायची तर दोन्ही अर्धवटच होणार होती.

रोविनाचं म्हणणं साधं होतं. ती त्याच चढावर लहानाची मोठी झाली होती. कोणती गाडी वर येते आणि कोणती परत फिरते हे तिने चिंचोक्यांनी खेळायच्या वयापासून पाहिलं होतं. नवे टायर घ्यायचे, मूळ मापाचे, मध्यम खाचांचे, डांबरावरही धावतील आणि मातीतही धरतील असे. उरलेल्या पैशांत मागच्या बसलेल्या स्प्रिंगा बदलायच्या. बसलेली गाडी सरळ झाली की आपोआप थोडी वर येईल. तेवढी पुरे.

डोलिनला मुठीएवढ्या गाठींचे चिखलाचे टायर हवे होते आणि गाडी दोन इंच उचलून हवी होती. का, तर पोट टेकणार नाही. आणि का, तर तामिन म्हणाला.

टायरच्या दुकानात तामिन न बोलावता हजर होता. रोविना पोट सावरत एका आडव्या टायरवर बसली. तिच्याभोवती जपानातून आलेल्या वापरलेल्या टायरांचे मनोरे उभे होते. तामिनने एका गाठीदार टायरवर थाप मारली, घोड्याच्या पाठीवर मारावी तशी, आणि डोलिनने लगेच शेजारच्यावर मारली. रोविनाने वाकून रबरावर छापलेले तारखेचे आकडे वाचले आणि म्हणाली की हे टायर नेल्सीपेक्षा म्हातारे आहेत, नखही रुतत नाही. त्यावर तामिनने तिला समजावलं, अगदी हळू आवाजात, लहान मुलांशी आणि बायकांशी बोलायच्या त्याच्या खास आवाजात, की वहिनी, जपानचे रस्ते स्वच्छ असतात, तिथे टायर म्हातारा होत नाही.

"रबराला काय माहीत आपण जपानात आहोत ते," रोविना म्हणाली.

डोलिन हसला. मग तामिनकडे बघून हसायचं थांबला.

शेवटी व्हायचं तेच झालं. वापरलेले गाठीदार टायर घेतले. उरलेल्या पैशांत नवीन स्प्रिंगा बसत नव्हत्या, म्हणून तामिनने स्वस्तातली युक्ती काढली: पुढच्या चाकांचा भार पेलणारे पोलादी दांडे बोल्ट आवळून ताणले, मागे बसक्या स्प्रिंगांखाली रबरी ठोकळे सरकवले, आणि गाडी उंच झाली. मांडीखाली उशी घेऊन बसलेला माणूस जितका उंच होतो तितकीच खरी. पण डोलिन दोन पावलं मागे सरकून तिच्याकडे असा बघत राहिला की नेल्सी जन्मली तेव्हाही त्याने तसं बघितलं असेल की नाही याची रोविनाला शंका आली. जाता जाता तामिनने दोन्ही बाजूंच्या, दारांखालच्या लोखंडी पायऱ्याही सोडवल्या. म्हणे पायरी खाली लोंबते, दगडाला घासते, खऱ्या गाडीला पायरी नसते. पायऱ्या त्याने आपल्याच गाडीत टाकून नेल्या. रोविनाने हात टेकले. भांडायला श्वास पुरत नव्हता.

परतताना गाडी प्रत्येक खड्ड्यावर बकरीसारखी उडत होती. रोविनाने दोन्ही हातांनी पोट धरून ठेवलं होतं. डांबरावर टायरांचा आवाज असा की भाताची गिरणी अंगाखाली चालू आहे.

"इना, गाडी ओरडतेय," मागून नेल्सी म्हणाली. आईला ती इना म्हणायची, बापाला आमा.

"आमाच्या मित्रांवर गेलीय," रोविना म्हणाली. "काम थोडं, आवाज फार."

नेल्सी खिदळली. पाच वर्षांच्या पोरीला असल्या गोष्टी बरोबर कळायला लागल्या होत्या. घरी पोचल्यावर तिने ते वाक्य शेजारणीला, दूधवाल्याला आणि मांजराला म्हणून दाखवलं. डोलिन प्रत्येक वेळी हसला.

ठरल्या शनिवारी ते सकाळीच निघाले, कारण दुपारनंतर डोंगरावर पाऊस यायचा. रोविना वाटभर मनात शब्द जुळवत होती. पहिल्या चढाला गाडी अडली की काय म्हणायचं, दुसऱ्याला काय, आणि आईसमोर काय. पण गाडी अडली नाही. माती वाळलेली होती. चाकोऱ्यांमधला तो मेला उंचवटा पोटाखालून नुसता निघून गेला, साधं खरचटणंही ऐकू आलं नाही. एका वळणावर ते दगडासारखे टायर घसरले, गाडी आडवी व्हायला लागली, पण डोलिनने घाई केली नाही. हळूच मागे घेतली, चाक वळवलं, दुसऱ्या चाकोरीतून वर काढली. मग त्याने रोविनाकडे बघितलं. एक शब्द हवा होता त्याला. एवढासा.

"पुढे बघ," ती म्हणाली.

आपण चुकलो याचा तिला राग आला होता. दोन इंचांबद्दल हा बावळट बरोबर निघाला, ही गोष्ट तिला घोटभरही गिळवत नव्हती.

सिनूडूला ओदू तयार होऊन बसली होती. नेल्सी आजीला ओदू म्हणायची, म्हणून आता सगळं घरच तिला ओदू म्हणायचं. तिने नवा सारोंग नेसला होता. पाठीवरच्या वेताच्या करंडीत वाळवलेला पाला, आल्याचे गड्डे, तुहाउच्या म्हणजे रानआल्याच्या लोणच्याची बरणी भरली होती, आणि पाय बांधलेली एक काळी कोंबडी गोणपाटातून डोकं काढून जगाकडे संशयाने बघत होती. घराला कुलूप लावून झालं होतं. किल्ली शेजारणीकडे देऊन झाली होती. कापणी नुकतीच आटपली होती, कणगी भरली होती, आता ओदूला महिनाभर मोकळीक होती. निरोप द्यायला चारपाच बायका जमल्या होत्या. त्या सुपारी चघळत गाडीकडे बघत होत्या.

ओदू गाडीच्या दारापाशी आली आणि थांबली. सीट तिच्या छातीला लागत होती.

तिचे गुडघे गेल्या पावसाळ्यापासून नीट वाकत नव्हते. तरी तिने प्रयत्न केला. दाराची कडा धरली, एक पाय उचलला, तो हवेतच राहिला, परत खाली आला. मग टायरच्या गाठीवर पाय ठेवून बघितला. तो घसरला. नेल्सी माकडासारखी आत चढून बसली होती, ती हात देऊन म्हणाली, ये ना ओदू, सोपं आहे. ओदू हसली. डोलिन पुढे झाला, म्हणाला, इना, मी उचलून बसवतो, फुलासारखं बसवतो.

"मला उचलून नेतील तेव्हा नेतील," ओदू म्हणाली. "लेकीच्या बाळंतपणाला मी माझ्या पायाने जाणार."

तिचा आवाज रागाचा नव्हता, पण त्यात दुसरा रस्ताही नव्हता. या गावात आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून खाली नेतात. ओदूने नवऱ्याला तसंच नेताना बघितलं होतं आणि तो परत आला नव्हता.

"गाडी कशी दिसतेय पण, नाही का?" रोविना सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पायरी नसते हो खऱ्या गाडीला. खऱ्या गाडीत म्हातारी माणसं बसत नाहीत. टपावर उभे राहून फोटो काढणारे बसतात."

बायकांनी तोंडावर हात धरले. एक तर हसताना सुपारी गिळून खोकायला लागली. डोलिनचे कान लाल झाले. या वेळी तो हसला नाही. इकडेतिकडे बघत तो दगड शोधायला लागला, फळी शोधायला लागला. दगड गोल होते. फळी मधेच वाकली. पश्चिमेकडून ढग चढत होते, ते त्यालाही दिसत होते, आणि तो वाकून खांबांवरच्या घराच्या खाली शिरला.

घराखाली उखळ होतं. ओदूच्या सासूचं, एका ओंडक्यातून कोरलेलं, काठ झिजून गुळगुळीत झालेलं. नव्या भाताचे पहिले दाणे त्यातच कांडायचे. गिरणी आली तरी ते चुकलं नव्हतं. ओदू रविवारी प्रार्थनेला जायची, दारावर क्रूस होता, आणि भातात राहणाऱ्या बाम्बाझोन या देवतेचीही ती काळजी घ्यायची. तिच्या लेखी दोघांची एकमेकांशी काही तक्रार नव्हती. उखळावर या घरात कधी कोणी बसलंही नव्हतं. रोविना लहानपणी एकदा नुसती टेकली होती, तर आईने तिला दंडाला धरून उठवलं होतं.

डोलिनच्या आईच्या घरी, खाली समुद्राकाठी, असंच एक उखळ फाटकापाशी पालथं पडलेलं असायचं. त्यावर फुलझाडाची कुंडी असायची, आणि कुंडी नसली की पाहुणे त्यावर बसून बुटाच्या नाड्या सोडायचे. ती माणसंही याच जमातीची, हीच भाषा बोलणारी. पण तांदूळ त्यांच्याकडे दुकानातून, पिशवीतून यायचा.

तो उखळाला मिठी घालतोय हे रोविनाला दिसलं आणि त्याच क्षणी पुढचं सगळं कळलं. वेळ भरपूर होता. उखळ जड होतं. तो ते काठावर तोलून गोल फिरवत, धापा टाकत बाहेर आणत होता. ओदू पाठमोरी होती, करंडीचा पट्टा घट्ट करत होती. बायका खोकणाऱ्या बाईच्या पाठीवर थापा मारत होत्या. 'अरे, ते नको,' एवढंच म्हणायचं होतं. रोविनाने तोंड उघडलंही.

मग तिला वाटलं, आणू दे. गाठीदार टायर, दोन इंच, जपानचे स्वच्छ रस्ते, सगळं तिने सांगून पाहिलं होतं आणि सगळं तिला हळू आवाजात परत समजावलं गेलं होतं. आता एकदा आईकडूनच ऐकू दे. सगळ्यांसमोर. एकदा तरी याला हसता येऊ नये. तिने तोंड मिटलं, पोटावर हातांची घडी घातली आणि गाडीला टेकून उभी राहिली.

खिडकीतून नेल्सी तिच्याकडे बघत होती.

डोलिनने उखळ दारापाशी आणून पालथं घातलं. जमिनीत नीट बसावं म्हणून दोनदा हलवलं. वरची माती स्वतःच्या शर्टाच्या टोकाने पुसली, कारण त्यावर ओदूचा पाय पडणार होता. आणि मग, पक्कं आहे हे दाखवायला, बुटांसकट वर चढून उडी मारली.

"बघा इना," तो म्हणाला, "हलतसुद्धा नाही."

बायकांचं हसणं थांबलं. खोकणंही थांबलं. ओदू वळली, आणि तिने जे बघितलं ते बघून ती ओरडली नाही. रोविनाला वाटलं होतं ओरडेल. तिने करंडी पाठीवरून उतरवली, जमिनीवर ठेवली, आणि डोलिनला खाली उतर म्हणाली, झोपेत चालणाऱ्या माणसाला सांगावं तशी. तो उतरला. चेहऱ्यावर अजून हसू होतं, कोणीतरी ते उचलून न्यावं म्हणून वाट बघत असल्यासारखं. ओदूने गुडघे न वाकवता, कमरेतून ओणवी होऊन उखळ सरळ केलं. दोन बायका मदतीला धावल्या. एकीने पाणी आणलं. ओदूने हाताने उखळ आतून धुतलं, बाहेरून धुतलं, ज्या जागी बूट पडले होते तिथे तळवा ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग शेजारणीकडून किल्ली मागून घेतली.

"इना," रोविना म्हणाली. "इना, त्याला माहीत नव्हतं गं."

"नवं भात घरात आहे," ओदू म्हणाली. "बाम्बाझोन दचकली असेल. तिला अशी टाकून मी कशी येऊ, पोरी?"

किती दिवस, ते रोविनाने विचारलं. ओदूने सांगितलं की विधी करणारी म्हातारी पलीकडच्या खोऱ्यात असते, तिला निरोप धाडायचा, ती बरी असली तर येईल, तिने भाताची समजूत घातली की मग. तोवर पाऊस सुरू झाला असेल, हे कोणी बोललं नाही. पोटातलं बाळ थांबणार नाही, हेही कोणी बोललं नाही. डोलिनला आत्ता कुठे कळत होतं. शेजारच्या बाईने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तो ओदूसमोर येऊन उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते न कळून. त्याने बूट काढून हातात धरले होते.

"मला माहीत नव्हतं, इना."

"ठाऊक आहे रे, पोरा," ओदू म्हणाली. "तुला कोणी सांगितलं नाही."

हे म्हणताना तिने कोणाकडेही बघितलं नाही.

करंडी मात्र तिने गाडीत ठेवायला लावली. कोणता पाला आधी उकळायचा, कोणता मागून टाकायचा, आलं किती, पाणी अंगाला सोसेल इतकं गरम म्हणजे किती, हे ती रोविनाला सांगत राहिली, आणि रोविना मान हलवत राहिली. तिच्या कानात काहीच जात नव्हतं. कोंबडीही दिली. बाळ झालं की बाराव्या दिवशी कापा म्हणाली. मग रोविनाच्या पोटावर हात ठेवून काहीतरी पुटपुटली आणि शिडी चढून घरात गेली. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, थांबत थांबत. पण चढली.

उतरताना डोलिनने गाडी अगदी हळू घेतली. खड्डा आला की रोविनाच्या पोटाकडे बघून आधी जवळजवळ थांबायचा, मग चाक सोडायचा. अनवाणीच चालवत होता. त्याने एकदा बाहीने नाक पुसलं. तामिनचा फोन आला, पडद्यावर चिखलातला तो फोटो उमटला, आणि डोलिनने न बघताच तो बंद केला.

रोविनाजवळ बोलायला खूप होतं. सकाळपासून जुळवलेलं सगळं तसंच पडून होतं, एकही शब्द खर्ची पडला नव्हता. पायऱ्या कुठे आहेत विचार तुझ्या वाघाला, असं म्हणता आलं असतं. तिने खिडकीची काच वर केली. काचेवर पहिले थेंब आले.

मागच्या सीटवर नेल्सी कोंबडीला मांडीवर घेऊन बसली होती. मग तिने पुढे वाकून दोन्ही सीटांच्या मधून डोकं काढलं.

"इना, आमा ते उखळ आणत होता, तेव्हा तू बघत होतीस ना?"

डोलिनचे डोळे रस्त्यावर होते. गाडी तशीच हळू चालली होती.

"मग तू त्याला सांगितलं का नाहीस?"